अर्थिंगचा खड्डा

लग्न होऊन मी कसबा बावड्यात आले तेव्हा सासरी मला देवघराच्या पाठोपाठ काय दाखवलं असेल, तर परड्यातला एक खड्डा. दाखवायला खुद्द मामंजी, म्हणजे माझे सासरे, पुढं चालत होते. धुण्याच्या दगडाशेजारी जमिनीतून लोखंडी पाइप वीतभर वर आलेला, त्याला तांब्याची जाड तार आवळून बांधलेली आणि ती तार भिंतीच्या कडेकडेनं खिडकीपर्यंत चढलेली. मला वाटलं, नळ असावा. मी विचारलं, याला पाणी कधी येतं? मामंजी गंभीरपणे म्हणाले, याला पाणी येत नाही, याला पाणी घालायचं असतं.

मी इचलकरंजीची. माहेर यंत्रमागाच्या शेडला लागून, तिथं ओरडून बोलल्याशिवाय शेजारच्या माणसाला ऐकू जात नसे. त्यामुळे माझा तो प्रश्न चार घरांनी ऐकला आणि पुढं वर्षभर गल्लीतल्या बायका मला नळाला पाणी आलं का म्हणून विचारत राहिल्या. मीही त्यांना काही कमी बोलले नाही.

मामंजी साखर कारखान्यात वायरमन होते. घरात व्हॉल्वचा मोठा रेडिओ होता आणि त्याची एरियल, म्हणजे तांब्याची लांब तार, दोन उंच बांबूंच्या मध्ये घरावरून ताणलेली होती. दोन्ही टोकांना चिनी मातीचे पांढरे गोटे. तारेचं एक शेपूट खिडकीतून आत यायचं ते एका पात्याच्या स्विचवर. पातं वर केलं की एरियल रेडिओला जोडली जायची. खाली केलं की तीच एरियल सरळ त्या परड्यातल्या पाइपला, म्हणजे जमिनीला. खड्ड्यात खाली पत्रा होता, त्यावर लोणारी कोळसा आणि खडेमीठ थरावर थर घालून भरलेलं. ते ओलं राहिलं तर वीज जमिनीत उतरते, कोरडं पडलं तर सगळं व्यर्थ, असं मामंजींचं सांगणं. म्हणून रोज सकाळी एक कळशी पाणी त्यात पडायचंच. ते काम सासूबाईंचं होतं. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. देवाला पाणी घालावं तसं त्या मनापासून घालायच्या, फक्त हात जोडायच्या नाहीत एवढंच.

मामंजींच्या या अर्थिंगच्या वेडाची गल्लीत चेष्टा व्हायची. कुणाच्या लग्नात रेडिओ आला की मामंजी नवरीकडं बघायच्या आधी अर्थिंगची चौकशी करणार. रविवार आला की पहार घेऊन कुणाच्या तरी परड्यात खणताना दिसणार. गल्लीत ज्यांच्या ज्यांच्याकडं रेडिओ होता, त्या प्रत्येकाच्या घरी त्यांनी स्वतःच्या हातानं खड्डा केला, पातं बसवलं, आणि नुसतं बसवून थांबले नाहीत. घरातल्या बायकांना समोर उभं करून शिकवलं. गडगडलं की पातं खाली, रेडिओचा प्लग बाहेर, मग बाकीचं काम. चुलीवर दूध असलं तर जाऊ दे ऊतू. उन्हाळ्यात वळवाचे ढग जमायला लागले की मामंजी दारात उभे राहून हाळी द्यायचे, “पातं खाली घ्या गं,” आणि घराघरातून खटखट आवाज यायचे. मला ते पहिल्यांदा फार गमतीचं वाटलं होतं. मी नवऱ्याची नक्कल करून दाखवावी तशी मामंजींची करून दाखवली, तेव्हा आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला जात्यापाशी बसवून सांगितलं की मामंजींचा धाकटा भाऊ असाच वळवात, रानात, आंब्याखाली बैलं सोडून उभा होता. त्याला आणायला मामंजीच गेले होते. त्यानंतर मी नक्कल केली नाही.

आत्याबाईंचं जातं ही आणखी एक गोष्ट. गिरणी आली तरी त्या हळद, मीठ, उपासाची भगर घरीच दळायच्या, आणि दळताना ओव्या जुळवायच्या. जुन्या पाठ असलेल्या निराळ्या. या त्यांच्या स्वतःच्या, त्या त्या दिवसाच्या. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या, पण समोर जे दिसेल ते दोन ओळींत बसवायच्या. माझ्यावरसुद्धा एक केली होती, मागावरची सून बोलते तेव्हा कारखान्याचा भोंगा गप्प होतो अशा अर्थाची. मला राग आला आणि हसूही आलं.

हा गळा आणि या ओव्या उतरल्या होत्या त्यांच्या लेकीत, माझ्या नणंदेत. वन्सं शाळेत गायच्या. तिथल्या एका बाईंनी त्यांना रेडिओ केंद्रावर आवाजाची परीक्षा द्यायला लावली आणि त्या पास झाल्या. पण बोलावणं यायच्या आत लग्न झालं, मिरजेकडं दिल्या. सासर खाऊनपिऊन बरं, पण गाणं म्हटलं की कपाळाला आठ्या. पुष्कळ मिनतवाऱ्या झाल्यावर सासऱ्यांनी कबूल केलं, एकदाच, आणि तेही ओव्याबिव्या काय असतील ते, सिनेमातलं नाही.

चैत्रात वन्सं माहेरी आल्या त्या ही बातमी घेऊनच. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडल्या. वैशाखातल्या एका संध्याकाळी बायकांच्या कार्यक्रमात त्या गाणार होत्या. आणि गाणार होत्या आईच्याच ओव्या. केंद्रावरच्या लोकांना तसं सांगितलंय, म्हणाल्या, हे माझ्या आईनं जात्यावर केलेलं आहे, आणि ते तसं बोलून दाखवणार आहेत. कार्यक्रम तिथून थेट जाणार, तेव्हा त्या घटकेला ऐकलं तर ऐकलं. शिवाय शेवटी वन्सं स्वतःची एक ओवी म्हणणार होत्या, आईसाठी. ती काय आहे ते मात्र सांगेनात. रेडिओतच ऐक, म्हणाल्या.

आत्याबाईंना इतकं खुललेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. बाहेरून त्या काही दाखवत नव्हत्या, पण हळद दळताना मध्येच थांबायच्या आणि मला विचारायच्या, रेडिओत आवाज निराळा येतो का गं? मी म्हणायचे, येतो थोडा. मग पुन्हा दळायच्या. आपण चुलीपाशी, जात्यापाशी पुटपुटलेलं कुठं तरी दूर कुणी तरी मोठ्यानं म्हणणार आणि ते तारेवरून आपल्याच घरात परत येणार, हे त्यांना पटत नव्हतं आणि पटावं असं फार वाटत होतं. त्यांना दुसरं काही नको होतं. कधी जत्रेला न्या म्हणाल्या नाहीत, पाटल्या करा म्हणाल्या नाहीत.

आणि खरं सांगायचं तर मामंजीही तितकेच हुरळले होते. वरची तार जुनी झाली म्हणून नवी आणून ताणली. बांबू बदलले. खरखर राहू नये म्हणून खड्डा उकरून कोळसा आणि मीठ नव्यानं भरलं. कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं. आमचे हे शिरोलीला फाउंड्रीत होते, त्यांची दुपारपाळी होती, तर मामंजी त्यांच्यावरही चिडले की पाळी बदलून का घेत नाहीस.

त्या संध्याकाळी पुढच्या सोप्यात सतरंजी टाकली. गल्लीतल्या दोघीचौघी म्हाताऱ्या येऊन बसल्या. बाकीच्या आपापल्या घरी ऐकणार होत्या. आत्याबाईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं आणि रेडिओसमोर पाटावर बसल्या, जेवायला बसल्यासारख्या. मामंजींनी रेडिओ लवकरच लावला, कारण तो तापायला वेळ घ्यायचा. बातम्या चालू होत्या. दिवसभर उकाडा होता. मी पाणी आणायला आत गेले तेव्हा मागच्या दारातून दिसलं, जोतिबाच्या डोंगराच्या अंगाला काळं झालं होतं.

रेडिओत खरखर सुरू झाली ती मला आधी कळली नाही. मामंजींना कळली. त्यांनी कान दिला, मग उठून खिडकीतल्या स्विचपाशी गेले. तिथं टिक्, टिक् असा बारीक आवाज येत होता. वरची तार ढगांनी भारली की त्या पात्याच्या फटीत ठिणगी उडते, ते त्यांनी मला पूर्वी दाखवलं होतं. तेवढ्यात लांब कुठं तरी गडगडलं. मोठं नव्हतं. गाडी पुलावरून जावी एवढंच.

मामंजींनी प्लग काढला आणि पातं खाली केलं.

आत्याबाईंनी आधी रेडिओकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. मोठ्यानं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

“अवो, एकच गाणं हाय. तेवढं हू द्या.”

मामंजी पात्यावर हात ठेवून उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. तरी म्हणाले, “आभाळ काय गाणं सपायची वाट बघतंय व्हय?”

मग त्यांनी रोजच्या सवयीनं दारात जाऊन हाळी दिली. पातं खाली घ्या गं. आणि गल्लीतून खटखट आवाज आले.

मला त्यांचा इतका राग आला. आजही त्यातला थोडा शिल्लक आहे. एक दिवस, एक गाणं, दूर कुठं तरी एक गडगडाट. पण मी सून. आणि रानातल्या त्या आंब्याची गोष्ट मला माहीत होती, म्हणून तोंडाशी आलेलं गिळलं. आत्याबाई मात्र उठल्या, पदर खोचला आणि चपला न घालताच बाहेर पडल्या. मी त्यांच्या मागून धावले.

पहिल्या घरात रेडिओ मुका. दुसऱ्या घरात मुका. मामंजींनी जिथं जिथं खड्डा केला होता तिथं तिथं त्यांचा शब्द पाळला जात होता, आणि त्यांनी गल्लीत एकही घर सोडलं नव्हतं. बायका दारात ओशाळून उभ्या होत्या. त्यांनाही ऐकायचं होतं. एकीनं तर सांगितलं की मामांनी हाळी दिली म्हणून बंद केला, नाहीतर आमचा चालूच होता, नुकतं कार्यक्रमाचं नाव घेतलं होतं. हे ऐकून आत्याबाई पळायलाच लागल्या. इरकल नेसून, अनवाणी, भर गल्लीतून पळणारी बाई मी बावड्यात तेवढी एकच पाहिली.

शेवटचं घर शिंप्यांचं. कुटुंब मुसलमानाचं, आमच्याशी पिढ्यांचा घरोबा, आणि तिथल्या सुनेला सगळी गल्ली भाभी म्हणायची. तिची लहान पोरं शिलाई मशीनखाली चिंध्यांत खेळत होती. पातं खालीच होतं. पण भाभीनं आत्याबाईंचं तोंड पाहिलं आणि आपणहून स्विचकडं गेली. पात्याला हात लावून म्हणाली, “वर करू काय मामी? गाणं असतंय कितीसं.”

आत्याबाईंना हे एवढंच हवं होतं. त्या त्यासाठीच पळत आल्या होत्या. त्यांनी पात्याकडं पाहिलं, मग मशीनखालच्या पोरांकडं. बाहेर पुन्हा गडगडलं, या वेळी जवळ.

“नगं,” त्या म्हणाल्या. “तुझी पोरं हायत घरात.”

आम्ही भाभीच्या दारात उभ्या राहिलो. आत जावं की परत फिरावं ते सुचेना. भाभीनं पाणी दिलं ते त्यांनी हातात धरूनच ठेवलं. वारं सुटलं, धूळ उडाली, टपोरे चार थेंब पडले आणि ढग पंचगंगेपलीकडं निघून गेले. वीज कुठंच पडली नाही. पावसानं नीट जमीनसुद्धा भिजली नाही. आम्ही घरी आलो तेव्हा मामंजींनी पातं वर करून रेडिओ लावला होता. कुणी तरी खतांविषयी बोलत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई कळशी घेऊन खड्ड्याकडं निघाल्या तशी मी आडवी आले. म्हटलं, कशाला घालताय आता त्याला पाणी? त्यांनी मला बाजूला केलं. खड्ड्यानं काय केलंय, म्हणाल्या, आणि ओतली.

मला वाटलं होतं, त्या मामंजींवर धरतील. भांडतील, नाहीतर अबोला. तसं काही झालं नाही. झालं ते निराळंच. मामंजी पहाटे कामावर जायच्या आधी स्वतः एक कळशी खड्ड्यात ओतून जायला लागले, बायकोचं तेवढं एक काम तरी कमी व्हावं म्हणून. आणि आत्याबाई उजाडल्यावर त्यांची रोजची ओतायच्याच. दोघांनाही एकमेकांचं माहीत होतं, आणि दोघंही थांबेनात. धुण्याच्या दगडाभोवती सदा चिखल. मी तिथं धुणं धुताना घसरून पडले, तेव्हा मात्र ज्याला त्याला ऐकू जाईल अशा माझ्या माहेरच्या आवाजात बोलले. तरी पाणी पडतच राहिलं.

मामंजी एकदा कामाला सुट्टी टाकून रेडिओ केंद्रावरही जाऊन आले होते, हे मला ह्यांच्याकडून फार उशिरा कळलं. ते गाणं पुन्हा लावता का विचारायला. तिथल्या माणसानं नीट बसवून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं की थेट गेलं ते गेलं, जपून ठेवलेलं काही नसतं. घरी येऊन मामंजींनी कुणाला काही सांगितलं नाही.

पंचमीला वन्सं माहेरी आल्या. झोपाळे बांधले होते, हातावर मेंदी. सासरी थोडं कौतुक झालं होतं, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. पण पुन्हा गायची परवानगी काही मिळाली नव्हती, मिळणारही नव्हती, हे त्यांनीच हसत हसत सांगितलं. मग आईचा हात धरून विचारलं, “ऐकलंस न्हवं?”

मामंजी सोप्यात अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

“व्हय की,” आत्याबाई म्हणाल्या. “सगळं ऐकलं.”

शेवटची पण? वन्सं म्हणाल्या. आणि आत्याबाई म्हणाल्या, शेवटची पण. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजी सुपारी तशीच टाकून परड्यात गेले.

रात्रीच्या भाकरी थापताना मी आत्याबाईंना धारेवर धरलं. खोटं का बोललात? खरं सांगितलं असतं तर वन्संनी इथंच बसून सगळं म्हणून दाखवलं असतं. आता कुठल्या तोंडानं विचारणार त्यांना? आत्याबाई भाकरी उलटत राहिल्या. मग म्हणाल्या, “तिला एकच दिवस मिळाला. त्यो बी वाया गेला म्हनून सांगू व्हय?”

मला त्याचं फार वाईट वाटत राहिलं. कारण आता ती ओवी त्यांना कधीच ऐकायला मिळणार नव्हती. रेडिओनं एकदा हुकवली होती, आणि दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःच दार लावून घेतलं होतं.

वर्षं गेली. ट्रान्झिस्टर आले, त्यांना ना बांबू लागत ना तार. व्हॉल्वचा रेडिओ माळ्यावर गेला. एरियल उतरवली, पाइप मात्र मामंजींनी काढू दिला नाही. ते निवृत्त झाले. आत्याबाई थकल्या, सोप्यातल्या बाजेवर बसून असायच्या, जातं सुटलं. वन्संच्या पोरी लग्नाला आल्या. वन्सं गायच्या थांबल्या होत्या. आवाज जाड झाला होता, देवाच्या आरतीतसुद्धा त्या नुसत्या टाळ्या वाजवायच्या.

अशाच एका पंचमीला सगळे सोप्यात बसलो होतो. मामंजी एकाएकी वन्संना म्हणाले की तू मागं रेडिओवर गायलीस तेव्हा शेवटी जी ओवी म्हटलीस, ती माझी ऐकायची राहिली. मी कामावर होतो त्या दिवशी. म्हणून दाखव.

मी चमकून त्यांच्याकडं बघितलं. ते कामावर नव्हते, पात्यावर हात ठेवून उभे होते. मग माझ्या ध्यानात आलं. आईला विचारता येत नाही म्हणून बाप विचारत होता. त्यासाठी त्यांना एवढी वर्षं लागली, याचा राग करावा की त्यांना ते सुचलं याचं कौतुक, मला कळेना. आत्याबाई बाजेवर सरळ होऊन बसल्या होत्या.

वन्संनी आठवून पाहिलं. डोळे मिटले, ओठ हलवले. मग हसल्या.

“न्हाई ओ आबा. आईसाठी म्हनून जुळवली हुती, तेवढीच म्हटली. परत कुठं म्हनायला मिळाली? गेली इसरून.”

मामंजींनी मान खाली घातली. मला वाटलं, आता खरोखरच संपलं. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, “मला याद हाय की.” आणि जातं ओढताना म्हणायच्या त्या चालीवर, कापऱ्या आवाजात त्यांनी म्हटलं,

“दूरच्या ग देसी लेक, माय हुबी ग दारात,
बोल माझा वाऱ्यासंगं, पडो तिच्या ग कानात.”

वन्सं आईकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, व्हय, हीच. हीच म्हटलेली मी.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात माझ्याजवळ मेथी निवडायला बसल्या. त्या या घरात वाढल्या होत्या. पातं, हाळी, खड्डा, सगळं त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

“वहिनी, त्या दिवशी हिकडं गडगडलं हुतं?”

मी हो म्हटलं. चार थेंब पडले, म्हटलं.

“मी काय म्हटलं ते मला खरंच याद न्हाई,” वन्सं म्हणाल्या. “पन हे न्हवतं.”

हातातली जुडी ठेवून त्या उठल्या आणि सोप्यात आईच्या बाजेशी जाऊन खाली बसल्या. मी दारातून बघत होते. ती ओवी परत एकदा म्हण, म्हणाल्या, मला पाठ करायची आहे. आत्याबाईंनी म्हटली. दुसऱ्या खेपेला ‘वाऱ्यासंगं’च्या जागी ‘तारेसंगं’ आलं होतं. वन्संनी तसंच म्हटलं, आणि मामंजी कळशी घेऊन परड्यात गेले.